थांबायचा शब्द

"पाय सरळ कर," अक्का म्हणाली आणि माझ्या मांडीला रबरी दोरीचा फास बसवून तिनं तो दोनदा ओढून पाहिला. "घट्ट झालं का?"

"म्हशीला बांधतात तसं बांधलंयस."

"म्हैस परवडली. दावणीला बांधली की गप उभी राहते. तू राहतेस का?"

दोरीचं दुसरं टोक तिनं स्वतःच्या मांडीला बांधलं. मलेशियातल्या एका बेटावर आम्ही भल्या सकाळी ओल्या वाळूत उभ्या होतो. चारी बाजूंनी पोहायच्या टोप्या चटचट वाजत होत्या आणि जगातल्या सगळ्या भाषांमध्ये लोक आपापल्या देवाला साकडं घालत होते. त्या गर्दीत मराठी बोलणारी तीनच माणसं होती. मी, शालनअक्का आणि तिचे यजमान, ज्यांना मी दाजी म्हणत असे. दाजी कठड्यापलीकडं आमच्या चपला हातात धरून उभे होते. त्यांना पाण्याची भीती वाटायची, आमच्यासाठी जास्तच.

मला दिसत नाही. नववीत असताना ताप आला आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेला. हे एकदाच सांगून टाकते, कारण लोकांना या गोष्टीत फार रस असतो आणि मला अजिबात नाही.

आधी समुद्रात पावणेचार किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन एकशेऐंशी किलोमीटर सायकल मारायची आणि ती ठेवून बेचाळीस किलोमीटर पळायचं, सगळं एका दिवसात. जगात याला ट्रायथलॉन म्हणतात आणि आमच्या सांगलीत खूळ म्हणतात. आंधळ्या खेळाडूबरोबर एक डोळस गाइड असते. पोहताना दोघींच्या मांडीला एक दोरी, सायकल दोघींची मिळून एकच, पुढच्या सीटवर ती आणि मागच्या सीटवर मी. पळताना दोघींच्या हातात हातभर दोरीची दोन टोकं. गाइडनं ओढायचं नाही, ढकलायचं नाही. शेवटच्या रेषेवर माझं पाऊल तिच्या आधी पडलं पाहिजे. आणि गाइड थांबली की माझी शर्यत संपली. तिचा नंबर कुठंच लागत नाही. पदक माझ्या गळ्यात पडतं. अक्का म्हणायची, "आंधळी दळते म्हणतात, इथं डोळस दळते आणि आंधळी पीठ खाते."

त्या दिवशी आमच्या गटात जागतिक स्पर्धेची एकच जागा होती आणि तिच्यासाठी दोनच जोड्या उतरल्या होत्या. आम्ही आणि एक कोरियाची. जी जोडी पुढं येईल तिला जागा. आदल्या वर्षी याच बेटावर सायकलचा हँडल निखळून आम्ही अर्ध्यातून परत गेलो होतो आणि अक्काचा हात महिनाभर गळ्यात अडकवावा लागला होता. तरी ती आली, कारण मला ती जागा हवी होती.

का हवी होती, तेही सांगते. मी बँकेत टेलिफोनवर बसते. घरात आणि ऑफिसात माणसं मला हाताला धरून नेतात. इथं बस, इथं पायरी आहे, इथं तुझा चहा ठेवलाय. सगळे प्रेमानं करतात आणि त्यांचं प्रेम सोसता सोसता माझ्या नाकी नऊ येतात. जगाच्या स्पर्धेला मला कुणी दयेनं नेणार नव्हतं. मिळवलं तर जाणार होते, नाही मिळवलं तर घरी बसणार होते. असा सरळ हिशोब माझ्या वाट्याला दुसरीकडं कुठं आलाच नव्हता.

शालनअक्का मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई. अक्का म्हणत असले तरी नात्यानं माझी कुणी नाही. कृष्णेच्या घाटावर ती मुलींना पोहायला शिकवायची तिथं माझी तिची गाठ पडली. पहिल्याच दिवशी तिनं मला कमरेला डबा बांधून पाण्यात ढकललं होतं. मी ओरडले की मला दिसत नाही, तर म्हणाली, पाण्यात कुणालाच दिसत नाही, हात मार. त्या दिवसापासून मी तिची झाले. "आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन," ती म्हणायची. "तुला दिलेत ते माझे आहेत, जपून वापर."

आमचे शब्द ठरलेले होते. डावं, उजवं, चढ, उतार, खड्डा, थांब. आणि रस्ता मोकळा असला की पुढं. शाळेत कवायत घेताना तिच्या तोंडात बसलेला शब्द होता तो. दिवसभरात ती पुढं, पुढं असं हजार वेळा म्हणायची, आणि तो आवाज चालू आहे तोवर माझ्या पायांना भीती नसायची. हे सगळे शब्द तिचे होते. तिनं सांगायचं आणि मी ऐकायचं. मला तिला काही सांगायचं झालं तर काय म्हणायचं, हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

पोहणं छान झालं. जेलीफिशनं माझ्या मानेला चटका दिला आणि अक्काच्या ओठाला, म्हणून सायकलवर बसल्यावर ती थोडा वेळ बोबडी बोलत होती आणि मी हसत होते. सायकलवर तिची नेहमीची कॉमेंटरी सुरू झाली. रस्त्याकडेला माकडं बसलीत, आपल्या हेडमास्तरांसारखी दिसतात. एक बाई छत्री घेऊन टाळ्या वाजवते आहे. डोंगर लांब आहे. डोंगर लांब आहे असं ती म्हणाली की तो जवळ आला आहे हे मला कळायचं, कारण पुढच्याच मिनिटाला गिअर पडायचा.

दुपारकडं ती गप्प झाली. आधी माकडं बंद झाली, मग बायका, मग डोंगर. नुसतं डावं, उजवं, पुढं. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, ऊन फार आहे, तोंड वाळतंय, तू पॅडल मार. त्याच सुमाराला कोरियाची जोडी आमच्या शेजारून गेली. त्यांची गाइड तालात आकडे मोजायची, हाना, तुल, सेत, असे काहीतरी. तो आवाज उजव्या कानाजवळ आला, पुढं सरकला आणि वाऱ्यात विरून गेला. मला रडू फुटलं. अक्काला ते सायकलच्या हादऱ्यावरून कळलं असावं. ती एवढंच म्हणाली की पळताना बघू, सायकल म्हणजे लोखंड आहे, पळणं आपलं आहे.

आणि खरंच पळताना आम्ही त्यांना गाठलं. ऊन असं होतं की डांबर बुटातून कळत होतं. लोक रस्त्यावर बसून ओकत होते, त्यांचे आवाज ऐकत आम्ही जात होतो. अर्धं अंतर झाल्यावर मला ते हाना, तुल पुन्हा ऐकू आलं, हळू आणि ओढलेलं. कोरियाची मुलगी चालत होती. आम्ही त्यांच्या शेजारून गेलो तेव्हा त्यांची गाइड मोजायचं थांबवून आमच्यासाठी काहीतरी चांगलं बोलली, भाषा कळली नाही पण मन कळलं. माझ्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. आता फक्त पडायचं नाही, एवढंच उरलं होतं.

ते बळ फार टिकलं नाही. दिवस मावळायला आला तेव्हा माझ्या पोटऱ्यांत गोळे आले, मग मांड्यांत. पाय माझे राहिले नाहीत. पाणी प्यायले की वर यायचं. जीभ सुजून टाळूला चिकटली होती. मधूनमधून अक्काचं कोपर माझ्या हाताला लागायचं. ते कोरडं आणि तापलेलं होतं. संध्याकाळच्या वाऱ्यानं हिचा घाम वाळला आणि माझा कसा वाळत नाही, असं मला वाटलं, इतकंच. मी माझ्याच दुखण्यात होते. आणि मागून पुन्हा ते आकडे. हाना, तुल, सेत. कोरियाची मुलगी पुन्हा पळायला लागली होती.

शेवटच्या पाण्याच्या टेबलापाशी रस्ता समुद्राला लागून होता. लाटांचा आवाज, पलीकडं लाउडस्पीकरवर गाणी, टेबलामागं पोरींचा गलका. तिथं अक्का हळू झाली. चाललीच म्हणा ना. दोरी सैल पडली. तिनं माझ्याकडं तोंड केलं असावं, कारण आवाज सरळ कानात आला.

"उर्मे, काय करायचं गं?"

सरावात ती असं विचारायची तेव्हा ते खिजवणं असायचं. काय करायचं, घरी जाऊन भाकरी थापायची का, असं. मी नेहमी शिवी देऊन पुढं पळायचे. पण त्या वेळी माझ्यात शिवीसुद्धा नव्हती. आठ वर्षं हवी होती ती जागा, आणि मला तिचं तोंड बघायची इच्छा उरली नव्हती. ताटात कुणी आग्रहानं वाढायला आलं की आपण हात आडवा धरून म्हणतो, तसं मी म्हटलं.

"पुरं."

अक्का तशीच दोन-चार पावलं चालली. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाली, "बरं. पुढं." आणि दोरी ताठ झाली.

मला विश्वास बसेना. आयुष्यात पहिल्यांदा मी या बाईजवळ हात जोडले होते, आणि ती मला कवायतीतला शब्द ऐकवत होती. माझी अशी आग आग झाली की काय सांगू. वाटलं, जगातले सगळे डोळस सारखेच. आंधळ्याला काय हवं ते त्यांनाच जास्त कळतं. ही वेगळी आहे असं मी समजत होते, तर हीसुद्धा हाताला धरून नेणाऱ्यांतलीच निघाली. पुन्हा एकदा पुरं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. एकदा म्हणायलाच सगळी लाज खर्च झाली होती. मी पळाले. रागानं पळाले. ती पुढं म्हणायची, मी मनात म्हणायचे, तुझं पुढं जळो. मागचे आकडे लांब पडत गेले.

शेवटच्या रेषेवर लाकडी फळी होती. तिच्यावर माझं पाऊल वाजलं, मग तिचं. माझ्या गळ्यात पदक घातलं गेलं. त्याच क्षणी दोरी जोरात खाली ओढली गेली आणि मी तिच्यासकट गुडघ्यांवर आले. मला आधी वाटलं, ही मला मिठी मारतेय. मी तिला ढकललं, कारण राग गेला नव्हता. हाताला तिचा चेहरा लागला. तो भाजत होता, आणि तोंडातून फेस येत होता.

तिला तिथून बेटावरच्या इस्पितळात नेलं. दाजींना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून डॉक्टर मला सांगत होते आणि मी दाजींना. उष्णता मेंदूपर्यंत गेली होती. स्नायू आतल्या आत मोडून त्यांचा गाळ मूत्रपिंडात अडकला होता. रक्त मशीनवर धुवावं लागणार होतं. अशी वाक्यं सांगताना माणूस शब्द शोधत राहतो, त्यामुळे रडायला वेळ होत नाही. दाजी सगळं ऐकून घेऊन म्हणाले की ती बेटावर आल्यापासून पोट धरून होती, काही पचत नव्हतं, पण तुला सांगायचं नाही अशी तिनं शपथ घातली होती.

सकाळी ती शुद्धीवर आली आणि पहिल्यांदा दाजींना म्हणाली, उर्मीला सभेला पाठव. जागा वाटायची सभा हॉटेलच्या हॉलमध्ये असते. तिथं नाव पुकारतात आणि माणूस समोर हजर नसेल तर जागा पुढच्याला देऊन टाकतात. मला जायचं नव्हतं. मी म्हटलं, जागा गेली खड्ड्यात. दाजी आत जाऊन आले आणि म्हणाले, ती म्हणते, तू गेली नाहीस तर नळ्या काढून मी येते, आणि ती येईल, मला माहीत आहे.

म्हणून मी गेले. कुणा तरी मुलीनं मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. माझं नाव असं पुकारलं की ते माझं आहे हे मला दुसऱ्यांदा पुकारल्यावर कळलं. मी उठून हो म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी येऊन एका बाईनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि ती एक शब्द बोलली. आवाजावरून ओळखलं, ती आकडे मोजणारी बाई होती. त्या गर्दीत उभी असताना, मला लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात अक्काची काळजी होती तितकाच रागही होता. अक्का, तू मरता मरता वाचलीस ती तुझ्या हट्टानं. मी पुरं म्हटलं होतं. तुला थांबता आलं असतं.

दुपारी मला तिच्याजवळ सोडलं. मशीनची घरघर चालू होती. मी पलंगाचा दांडा धरून उभी राहिले. तिचा हात हातात घेतला तर तो सुजून दुसऱ्याच कुणाचा तरी झाला होता.

"घेतलीस का जागा?"

"घेतली."

"टाळ्या वाजल्या?"

"वाजल्या."

ती समाधानानं हुंकारली. मी शब्द जुळवत होते. तिला बरं वाटलं की भांडायचं, आत्ता नाही, असं ठरवत होते. तेवढ्यात तीच बोलायला लागली. जीभ जड झाली होती, पण बोलणं स्पष्ट होतं.

"तुला म्हणून सांगते, ह्यांना सांगू नको. त्या शेवटच्या टेबलापाशी माझं संपलं होतं बघ. डोळ्यांपुढं नुसतं पिवळं. तुझा रस्ता मला दिसत नव्हता गं उर्मे. मी मनात म्हटलं, देवा, आता ह्या पोरीच्या तोंडून पुरं असं येऊ दे. म्हणून तर तुला विचारलं."

माझी बोटं पलंगाच्या दांड्यावर होती. ती तिथंच राहिली.

"आपल्या तोंडानं कसं सांगू? आठ वर्षं तू झिजलीस. गाइड थांबली म्हणून तुझी जागा गेली, असं नको होतं मला. तू पुरं म्हणाली असतीस ना, तर तिथंच फतकल मारून बसले असते, आनंदानं. पण तू पुढं म्हणालीस. मग मी कशी बसू? म्हटलं, ही न बघता पुढं म्हणतेय आणि मी काय डोळे असून रडतेय."

एवढं बोलून ती दमली. काय झालं होतं ते त्या वेळी मला एकदम सगळं कळलं. लाटा होत्या, गाणी होती, माझी जीभ टाळूला चिकटली होती. पुरं आणि पुढं. एका अक्षराचा फरक, आणि तोही दमलेल्या तोंडात राहत नाही. दिवसभर तिच्या कानात जो शब्द घुमत होता तोच तिनं माझ्या तोंडून ऐकला. मी थांबायला सांगितलं होतं आणि तिला थांबायचं होतं. आम्ही दोघी एकाच वेळी, एकाच दोरीच्या दोन टोकांना, एकच गोष्ट मागत होतो. आणि त्यानंतर एकमेकींसाठी पळालो.

"काय गं, गप का?" ती म्हणाली. "म्हणालीस ना पुढं?"

खरं सांगायला मला तोंड उघडायचं होतं. तिला हक्क होता त्याचा. पण मग ती कशासाठी पळाली होती? तिचं अंग आतून मोडलं होतं आणि तिच्याजवळ तेवढा एकच शब्द शिल्लक होता. तो मी काढून घेतला असता, तर तिच्या हातात काय उरलं असतं?

"हो," मी म्हटलं. "पुढंच म्हणाले, अक्का."

"वाटलंच मला," ती म्हणाली. "वाघीण आहेस."

संध्याकाळी तिचं बोलणं तुटक झालं. मग ती शाळेतल्या मुलींना रांगेत उभं करायला लागली, एकीला सारखी टाच जुळव म्हणून रागवत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. दाजी तिच्या पायांशी बसले होते. त्यांनी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर, आणि मला ते मराठीत सांगावं लागलं. माझ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात वाईट भाषांतर ते होतं, कारण त्यात एकही शब्द अवघड नव्हता.

सांगलीला आल्यावर सुतक फिटायच्या आधी मी दाजींकडं गेले आणि म्हटलं, मी जागतिक स्पर्धेला जाणार नाही, जागा परत करते. दाजींनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या सरकवल्याचा नुसता आवाज आला. ते कधी मोठ्यानं बोलत नसत, तेव्हाही बोलले नाहीत.

"तिनं मला सगळं सांगितलं होतं," ते म्हणाले. "तुला सांगू नको म्हणून बजावलं होतं. उर्मी पुढं म्हणाली म्हणून मी पळाले, असं म्हणाली. पोरी, त्याच शब्दावर मी दिवस काढतोय. आता तू जात नाही म्हणतेस. मग ती कशापायी गेली, तेवढं मला सांगून जा."

अक्कानं दोघांनाही एकमेकांना सांगू नका म्हणून बजावलं होतं, आणि दोघांनाही एकच गोष्ट सांगितली होती. फक्त ती गोष्ट खरी नाही, हे एकट्या मला माहीत होतं. मला त्या क्षणी बोलता आलं असतं. दाजी तांब्यापलीकडं उत्तराची वाट बघत बसले होते. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, जाते. त्या जागेच्या पायी अक्का गेली, आणि दाजींसाठी तीच जागा आता मला राखावी लागणार होती. मला कुणी हाताला धरून नेऊ नये म्हणून मी ती मागितली होती. शेवटी एका मेलेल्या बाईनं आणि तिच्या नवऱ्यानं मला दोन्ही हातांना धरून तिथं नेलं.

मी गेले आणि ती शर्यत पुरी केली. तिच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. लोक सत्काराला बोलावतात, तेव्हा अक्काचा शेवटचा शब्द सांगा म्हणतात. मी काहीतरी सांगते. दाजी पहिल्या रांगेत बसलेले असतात.

सांगण्यासारखं आहे ते त्या शर्यतीच्या आधीचं. नवी गाइड मिळाली ती मैथिली, साताऱ्याची, वयानं माझ्याहून पुष्कळ लहान आणि बोलायला मोकळी. पहिल्याच सकाळी ग्राउंडवर तिनं दोरीचं टोक माझ्या हातात दिलं आणि शब्द ठरवायला बसली. डावं, उजवं, खड्डा, वळण, सगळं तिनं पाठ करून टाकलं. मग विचारलं, "आणि ताई, तुम्हाला थांबायचं झालं तर कुठला शब्द?"

"शब्द नको," मी म्हटलं. "मी दोरी सोडून देईन. दोरी सुटली की समज."

तिनं ते मनात नोंदवलं असावं. बुटाची नाडी बांधता बांधता ती सहज म्हणाली, "आणि मला थांबायचं झालं तर? तुम्हाला कसं विचारू?"

आठ वर्षांत हा प्रश्न आम्हा दोघींना कधी सुचला नव्हता. मैथिली उठून उभी राहिली, तिला वाटलं मी ऐकलं नाही, म्हणून तिनं तो पुन्हा विचारला.

"विचारायचं नाही मला," मी म्हटलं. "थांबायचं."